‘मोबाईलवर जिओकॅशिंग होत नाही’ या संदेशाला उत्तर

गेले काही दिवस बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडच्या भटक्यांच्या व्हॉट्सअॅप गटांतून एक लांबलचक संदेश फिरतो आहे. कोणीतरी लपवून ठेवलेली डबी अक्षांश-रेखांशावरून शोधायची, आतल्या वहीत आपले नाव लिहायचे आणि ती होती तशी परत ठेवायची, हा जिओकॅशिंगचा खेळ मोबाईलवर खेळताच येत नाही, असे त्यात ठासून सांगितले आहे. कारणे अशी दिली आहेत : मोबाईलचे जीपीएस पन्नास मीटरने चुकते, रेंज गेली की ते बंद पडते, सीमाभागात कर्नाटकाचे आणि गोव्याचे टॉवर एकमेकांत मिसळत असल्याने ठिकाण चुकीचेच दिसते, पैसे भरून सदस्य झाल्याशिवाय डबी सापडत नाही, आणि म्हणून खऱ्या खेळाडूने परदेशातल्या नातेवाइकाकडून उपग्रहावरून संदेश पाठवणारे जीपीएस यंत्र मागवून घ्यावे, कारण तिकडे ते स्वस्त पडते.

हा संदेश माझ्या भाचीपर्यंत पोहोचला. ती इथेच अभियांत्रिकी शिकते, आणि तिने दुबईच्या काकांना ‘येताना घेऊन या’ असे कळवूनही टाकले होते. तसे झाले नसते, तर या मजकुराला उत्तर देण्यात मी वेळ घातला नसता.

शेवटचा सल्ला मी प्रथम घेतो, कारण बाकीच्या चुकांनी फार तर पैसे वाया जातील. हा सल्ला पाळणाऱ्यावर मात्र गुन्हा दाखल होऊ शकतो. साधे जीपीएस यंत्र उपग्रहांचे संकेत फक्त ऐकते. सांगली किंवा धारवाड आकाशवाणी ऐकणारा रेडिओ जसा स्वतः काहीही प्रक्षेपित करत नाही, तसेच हे आहे. संदेशात ज्याची शिफारस आहे ते यंत्र, उदाहरणार्थ गार्मिनचे इनरीच, याच्या पुढे जाते; ते इरिडियम कंपनीच्या उपग्रहांकडे स्वतः संदेश पाठवते, म्हणजे ते एक प्रक्षेपक आहे. दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून असे साधन भारतात नुसते जवळ बाळगणे हासुद्धा गुन्हा ठरतो, आणि अशा प्रकरणांत लावला गेलेला भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायदा १९३३ सालचा आहे. ही केवळ कागदावरची भीती नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कॅनडाच्या एका धावपटूला गोव्याच्या विमानतळावर सामान तपासणीत असेच यंत्र सापडल्यावरून अडवून पोलिसांच्या हवाली करण्यात आले. आखातातून सुट्टीवर येणारी आपल्याकडची कितीतरी माणसे त्याच गोव्याला उतरतात. पुतणीच्या हौसेपायी सामानात एक डबा टाकून आणणाऱ्या काकांना तपासणीच्या टेबलावर ‘हे खेळासाठी आहे’ असे सांगून सुटका होणार नाही, आणि संदेश लिहिणाऱ्याने या परवानगीबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही. ऐकणारे यंत्र आणि बोलणारे यंत्र यांत त्याने फरकच केलेला नाही, यावर माझा सर्वांत मोठा आक्षेप आहे. संकटात मदत मागता यावी ही काळजी रास्त आहे. तिच्यासाठी एकट्याने न जाणे, मार्ग आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवणे, आणि कोणत्याही कंपनीचे नेटवर्क दिसत असेल तिथून ११२ लावणे, हे कायद्यात बसणारे उपाय आहेत.

ऐकण्या-बोलण्याचा हाच भेद लक्षात घेतला की सीमेवरच्या टॉवरांची गोष्टही उरत नाही. जांबोटी सोडून चोर्ला घाटाकडे निघाल्यावर फोन कधी कर्नाटक परिमंडळाचे, तर कधी महाराष्ट्र-गोवा परिमंडळाचे नेटवर्क धरतो, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे, आणि त्या ओळखीच्या अनुभवामुळेच हा दावा लोकांना पटतो. परंतु दूरसंचार परिमंडळांच्या हद्दी बिलासाठी आणि परवान्यासाठी आखलेल्या असतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांतल्या किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की फोनमधली चिप त्यांच्या वेळेतल्या फरकावरून आपले स्थान काढते. या गणितात टॉवर कुठेही येत नाही, मग तो पणजीचा असो की धारवाडचा. बेळगावच्या सीमेचा वाद राजकारणात आणि न्यायालयात आहे. उपग्रहाच्या संकेतात तो शिरलेला नाही.

रेंज गेल्यावर जीपीएस बंद पडते, या वाक्यात अर्धे सत्य आहे आणि ते मान्य करणे भाग आहे. उपग्रह नेमके कुठे आहेत याची माहिती फोन एरवी इंटरनेटवरून झटकन मिळवतो; रेंज नसेल तर ती त्याला उपग्रहांच्याच संकेतातून उतरवून घ्यावी लागते. एका उपग्रहाचा कक्षेचा तपशील मिळायला साधारण तीस सेकंद लागतात, आणि सर्व उपग्रहांची पूर्ण यादी मिळायला साडेबारा मिनिटे. त्यामुळे बराच काळ बंद असलेला फोन खानापूरच्या जंगलात सुरू केला, तर पहिले स्थान मिळायला वेळ लागतो, आणि तोवर फोन जुन्या किंवा टॉवरवरून बांधलेल्या अंदाजाभोवती मोठे निळे वर्तुळ दाखवत राहतो. संदेश लिहिणाऱ्याने बहुधा ते वर्तुळ पाहून निष्कर्ष काढला असावा. त्याने मोकळ्या माळावर पाच-दहा मिनिटे थांबून पाहायला हवे होते. शंका असणाऱ्याने फोन विमान मोडवर टाकावा, लोकेशन चालू ठेवावे आणि जीपीएसटेस्टसारखे मोफत अॅप उघडावे. एकेक उपग्रह क्रमांकासह पडद्यावर येताना दिसेल. जे खरोखर इंटरनेटवाचून अडते ते नकाशा आणि डबीचे वर्णन, आणि या दोन्ही गोष्टी घरून निघण्यापूर्वी फोनमध्ये साठवून घेता येतात.

आता पन्नास मीटरचा आकडा. तो कुठून आला हे संदेशात दिलेले नाही. जीपीएस यंत्रणा चालवणाऱ्या अमेरिकी शासनाच्या अधिकृत माहितीत मात्र स्वच्छ लिहिले आहे की मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनची अचूकता सर्वसाधारणपणे ४.९ मीटर त्रिज्येच्या आत असते, आणि इमारती, पूल व झाडे यांच्याजवळ ती घटते. हातात धरायचे साधे यंत्रही मोकळ्यावर काही मीटरांच्याच हिशेबात असते आणि दाट झाडीत त्याचीही अचूकता घटते. शिवाय खेळाच्या स्वरूपाचाही विचार करायला हवा. डबीचे स्थान अंश आणि मिनिटांच्या तीन दशांश स्थळांपर्यंत नोंदवले जाते. त्यातला शेवटचा आकडा एकने बदलला की उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे १.८५ मीटरचा फरक पडतो. डबी लपवणाऱ्याच्या यंत्राची चूकही त्या नोंदीत आधीच मिसळलेली असते. म्हणजे शोधणाऱ्याच्या हाती कितीही महाग यंत्र असले, तरी शेवटचे आठ-दहा मीटर दगडाच्या फटी आणि झाडाच्या ढोल्या डोळ्यांनीच धुंडाळाव्या लागतात.

या खेळाचा जन्मच अशा ढोबळ अचूकतेवर झालेला आहे. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर स्थान शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात पहिली बादली लपवली. त्या काळी खेळाडूंच्या हाती स्वतंत्र यंत्रच असे, आणि ‘यंत्राशिवाय खेळ नाही’ ही समजूत तिथून चालत आली आहे. आजच्या फोनमधली चिप अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाच्या, युरोपच्या आणि काही फोनांत आपल्या नाविकच्या उपग्रहांचेही संकेत घेते, याची दखल या समजुतीत घेतलेली नाही.

सदस्यत्वाबद्दल थोडक्यात. या खेळाच्या मुख्य संकेतस्थळावर मोफत खाते काढून डबी शोधता येते, सापडल्याची नोंद करता येते आणि स्वतःची डबी लपवताही येते. काही डब्या केवळ पैसे भरणाऱ्यांसाठी राखीव असतात, आणि अधिकृत अॅपमध्ये मोफत सदस्याला अवघड श्रेणीच्या डब्यांचा तपशील उघडत नाही, एवढे खरे. पण अँड्रॉइडवरचे सी:जिओ हे मोफत अॅप ती अडचण बरीचशी दूर करते. हजार डब्यांची यादी एकदम उतरवून घेण्याची सशुल्क सोय जिथे गल्लोगल्ली डब्या आहेत अशा देशांत उपयोगी आहे. आपल्याकडे डब्या विरळ आहेत, आणि नवशिक्याने पहिल्याच महिन्यात त्यासाठी पैसे भरण्याचे काही कारण मला दिसत नाही.

स्वतंत्र यंत्राच्या बाजूने एक मुद्दा मला नाइलाजाने मान्य करावा लागतो, आणि आश्चर्य म्हणजे संदेशात नेमका तोच नाही. खानापूर-आंबोलीच्या पावसात फोनचा ओला पडदा बोटाला दाद देत नाही, आणि पडदा सतत चालू ठेवला तर दुपारपर्यंत बॅटरी उतरते. गार्मिनच्या ईट्रेक्ससारखे साधे यंत्र एए आकाराच्या दोन सेलवर पंचवीस तासांच्या आसपास चालते, त्याला बटणे असतात आणि ते पाण्याला भीत नाही. जून ते सप्टेंबर नियमाने डोंगरात जाणाऱ्याने ते जरूर घ्यावे; मात्र इथल्या दुकानातून, पावतीसह, आणि त्यात उपग्रहावरून संदेश पाठवण्याची सोय नाही याची पेटीवरचे वर्णन वाचून खात्री करून.