‘रक्त द्या, हिपॅटायटिस बी फुकटात तपासून घ्या’: हा सल्ला पाळू नका

सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांची रक्तदान शिबिरं लागली की गोव्यात एक मेसेज फिरू लागतो: ‘टॅटूनंतर हिपॅटायटिस बीची शंका येतेय? रक्तदान करा. चाचणी फुकट होते, दोष सापडला तर पिशवी फेकून देतात, फोन आला नाही म्हणजे तुम्ही ठणठणीत.’ हिपॅटायटिस बी हा रक्तातून, दूषित सुईतूनही पसरणारा यकृताचा विषाणूजन्य आजार. या मेसेजात चाचणी फुकट होते एवढंच पुरतं खरं. बाकीचं रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं.

‘पिशवी फेकून देतात.’ हो, पण दोष सापडला तरच. दात्याच्या रक्ताचा वेगळा नमुना सहसा एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीनं तपासतात. तिच्या प्लेटच्या खाचांना प्रतिपिंडांचा (अँटीबॉडीजचा) लेप असतो. विषाणूच्या आवरणावरचं एचबीएसएजी हे प्रथिन नमुन्यात असलं तर ते तिथं चिकटतं, धुतल्यावरही टिकतं आणि मग रंग उमटतो. मात्र लागण झाल्यापासून रंग उमटण्याइतकं प्रथिन साठायला साधारण महिना जातो, कधी दोनही. तोवर रक्तात विषाणू असू शकतो आणि प्लेट कोरीच राहते. नॅट चाचणी विषाणूचा डीएनए शोधते, त्यामुळे हा काळ कमी होतो, संपत नाही. आणि भारतात ती सक्तीचीही नाही. जुनी, दबलेली लागणही अशीच निसटते. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे केले तर ती तीन रुग्णांपर्यंत जाते. साठवणीच्या थंडीनं विषाणू मरत नाही.

म्हणून फॉर्मवरचे प्रश्न ही खरी पहिली चाचणी. कळंगुट-बाग्याला टॅटू काढला, कान-नाक टोचलं, तर १२ महिने रक्त द्यायचं नाही. हिपॅटायटिस बी झालेल्यानं कधीच नाही.

‘फोन आला नाही म्हणजे ठणठणीत.’ फॉर्मवरचा नंबर चुकला किंवा निकाल कळवायला संमती दिली नसली तरी फोन येत नाही. उलट, बीची लस नुकतीच घेतली असेल तर लसीतल्याच एचबीएसएजीमुळे काही दिवस चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते.

शंका असेल तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जिल्हा इस्पितळात जा. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी व औषधं मोफत आहेत. पहिला निकाल निगेटिव्ह आला तरी पुढची चाचणी कधी करायची ते डॉक्टरांना विचारा. वापरलेली सुई टोचली असेल आणि लस घेतलेली नसेल तर शक्यतो २४ तासांच्या आत जा. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) जितकं लवकर तितकं बरं.

रक्त देऊन झाल्यावर टॅटूचं आठवलं तर लगेच रक्तपेढीला कळवा. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस ठेवतात, प्लेटलेट जेमतेम ५. वापर झाला नसेल तर पिशवी बाजूला काढता येते.