शिवी चालते, मग गोष्ट का नाही?

आमच्या सोसायटीत आम्ही चौघी-पाचजणी मिळून मुलांसाठी छोटं वाचनालय चालवतो. मागच्या महिन्यात एक वडील तिथं पुस्तक परत करायला आले. मुलीनं ते अर्धं वाचलं होतं, खूण अजून आत होती. "ताई, पुढचं तिला वाचू द्यायचं नाही. आणि खरं सांगू का, हे इथं ठेवूच नका," ते म्हणाले. पुस्तक होतं हिमांजली शंकर यांची 2014 साली आलेली ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’ ही इंग्रजी कादंबरी. तिच्यातल्या शाळकरी मुस्कानला मुली आवडतात.

ते तावातावानं बोलले नाहीत. लेकीची काळजी त्यांच्या आवाजात होती, म्हणूनच मला उत्तर द्यावंसं वाटलं. त्यांनी जे सांगितलं ते मी अलीकडे लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या फाटकाबाहेर जवळजवळ त्याच शब्दांत ऐकते. मुलांच्या पुस्तकांत समलिंगी पात्रं घुसवून मुलांना तसं बनवलं जातंय. हे वाचायचं त्यांचं वय नाही. हे आपल्याकडचं नव्हेच, बाहेरून आलेलं फॅड आहे. आणि पालकांना कुणी विचारतच नाही.

आधी ‘वाचून मुलं तशी होतात’ हे घेऊ, कारण बाकीची भीती त्यातूनच येते. आपण सगळे राजपुत्र आणि राजकन्येच्या गोष्टींवर वाढलो. भातुकलीत नवरा-नवरीच मांडली. सिनेमात, धड्यांत, रुखवतात स्त्री-पुरुषाखेरीज दुसरी जोडी आपल्याला कुणी दाखवली नाही. तरीही आपल्याच पिढीत, आपल्याच शाळांतून समलिंगी माणसं मोठी झाली. गोष्टींमुळे ओढ ठरत असती तर त्यांच्यातलं एकही माणूस तसं झालं नसतं.

गोष्ट लपवल्यानं काय होतं, हे एका देशानं कायदा करून पाहिलेलं आहे. डेन्मार्कच्या सुसान बॉशे यांनी 1981 मध्ये मुलांसाठी छायाचित्रांचं एक पुस्तक केलं. पाच वर्षांची जेनी, तिचे बाबा मार्टिन आणि बाबांचा जोडीदार एरिक, असं त्यातलं घर. हे तिघं कपडे धुवायला जातात, खेळतात, एरिकच्या वाढदिवसाची गुपचूप तयारी करतात. रस्त्यात एक बाई त्यांना टाकून बोलते, मग घरी जेनीला ते समजावून सांगितलं जातं. संपलं पुस्तक. 1983 मध्ये ते इंग्रजीत आलं आणि लंडनच्या शिक्षण खात्याकडे त्याची प्रत असल्याचं 1986 मध्ये वर्तमानपत्रांनी छापल्यावर गदारोळ झाला. त्या वातावरणात ब्रिटनमध्ये ‘कलम 28’ आलं. मे 1988 पासून स्थानिक प्रशासनांना समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करायला मनाई झाली. कलम प्रशासनांसाठी होतं, पण त्याची भीती थेट वर्गात जाऊन बसली. आपल्याला याबद्दल बोलायची बंदी आहे असं असंख्य शिक्षकांना वाटू लागलं. एखाद्या मुलाला चिडवलं जात असलं तरी त्याची बाजू कशी घ्यावी हे त्यांना कळेना.

स्कॉटलंडनं हे कलम 2000 मध्ये रद्द केलं, इंग्लंड आणि वेल्सनं 2003 मध्ये. म्हणजे एक अख्खी पिढी त्या शांततेत शिकली. तिच्यातली समलिंगी मुलं कुठं नाहीशी झाली नाहीत, ती फक्त एकटी पडली. ज्या पक्षानं हे कलम आणलं होतं त्याच पक्षाचे नेते डेव्हिड कॅमेरून यांनी 2009 मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

आता वयाचा मुद्दा. तो मला अर्धा मान्य आहे. सहा वर्षांच्या मुलाचं पुस्तक आणि पंधरा वर्षांच्या मुलीचं पुस्तक एक नसतं. शारीरिक संबंधांचं उघडं वर्णन लहान मुलांच्या हाती मीही देणार नाही, मग त्यातली जोडी कुठलीही असो. पण ‘समलिंगी पात्र’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकदम शेज का येते? आई-बाबा एकमेकांचा हात धरून बागेत बसलेत असं चित्र बालवाडीच्या पुस्तकात चालतं, ते पाहून कुणी लैंगिक शिक्षण म्हणत नाही. जेनीचे बाबा आणि एरिक कपडे धुतात तेव्हाही तेच चाललेलं असतं. संसार चाललेला असतो.

शिवाय ‘वय नाही’ म्हणताना आपण धरून चालतो की पुस्तक हातात पडेपर्यंत मुलांना यातलं काही ठाऊक नसतं. सहावी-सातवीच्या मुलांना मधल्या सुट्टीत जरा ऐका. ‘गे’ हा शब्द त्यांना पाठ असतो, चिडवण्यासाठी. ‘बायल्या’ पाठ असतो, ‘छक्का’ पाठ असतो. आवाज मऊ असलेल्या, क्रिकेट न खेळणाऱ्या, मुलींच्या घोळक्यात रमणाऱ्या मुलाला हे शब्द रोज मिळतात, आणि ते ऐकून कुणी पालक शाळेत तक्रार घेऊन गेल्याचं मी पाहिलेलं नाही. म्हणजे विषय पोचलेलाच आहे, तोही सगळ्यांत वाईट रूपात. ज्या मुलाला आतून कळायला लागलंय की आपण असे आहोत, त्याला स्वतःबद्दलचा पहिला शब्द मराठीत शिवी म्हणून भेटतो. त्याला दुसरा एखादा शब्द, एखादं माणसासारखं माणूस भेटावं, एवढंच ही पुस्तकं करतात. आणि चिडवणाऱ्यालाही ते भेटावं. त्याची गरज कदाचित जास्तच आहे.

‘हा आजार आहे’ यावर फार वेळ घालवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही हा आजार नसल्याचं 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी 6 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना, अशा संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून वगळलं.

हे कलम मुळात आलं कुठून, तर 1860 च्या दंडसंहितेतून, इंग्रजांनी लिहिलेल्या. म्हणून ‘हे बाहेरून आलं’ असं कुणी म्हणालं की मला वाटतं, बाहेरून शिक्षा आली, माणसं इथलीच होती. ती असल्याच्या खुणा आपल्या भाषेतही आहेत. र. धों. कर्वे 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत. त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते उत्तरं देत, आणि त्या उत्तरांवरूनच 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वादातल्या विषयांत समलिंगी संबंधही होते. कर्वे खटला हरले, दंड भरला आणि 1953 मध्ये स्वतः जाईपर्यंत मासिक चालवलं. नव्वद वर्षांपूर्वीच्या मराठी वाचकालाही हे प्रश्न पडत होते आणि तो पोस्टकार्डावर का होईना, ते कुणाला तरी विचारत होता. फॅड इतकं टिकत नाही.

पुढं 1981 मध्ये विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आलं. त्यातली सुमित्रा, म्हणजे मित्रा, ही कॉलेजातली मुलगी, तिला मुली आवडतात. 2006 मध्ये सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ आली, पुण्यातल्या एका घरातले भाऊ आणि बहीण घरात राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. ही पुस्तकं मोठ्यांसाठी आहेत. कुमारवयीन मुलांसाठी मराठीत या विषयावर जवळजवळ काहीच नाही, म्हणून आमच्या कपाटात इंग्रजी मुस्कान आली.

‘अशी पात्रं ओढूनताणून आणलेली असतात’ ही तक्रार मी ऐकून घेते, कारण तशी पुस्तकं असतातच. पात्राऐवजी भाषण उभं केलेलं मुलांना पहिल्या दहा पानांत कळतं आणि ती पुस्तक ठेवून देतात. माझी खरी तक्रार वेगळी आहे. तेंडुलकरांची मित्रा शेवटी जीव देते. मुस्कानची गोष्ट सुरू होते तेव्हा ती इस्पितळात असते, तिनं जीव द्यायचा प्रयत्न केलेला असतो आणि वर्गातले तिघंजण आपापल्या बाजूनं ते सारं सांगतात. दोन्ही लेखकांनी भोवतालचं खरं तेच लिहिलं. पण चौदा वर्षांची मुलगी स्वतःला पुस्तकात शोधायला गेली आणि प्रत्येक वेळी तिला दवाखाना किंवा मृत्यूच सापडला, तर तिनं काय समजायचं? मला अशी मराठी गोष्ट हवी आहे जिच्यात अशी मुलगी परीक्षा देते, मैत्रिणीशी भांडते, गणपतीत नाचते आणि शेवटच्या पानावर जिवंत असते.

राहिला पालकांचा हक्क. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात ओलेथा नावाचं गाव आहे. तिथल्या शाळांच्या ग्रंथालयातून 1993-94 मध्ये नॅन्सी गार्डन यांची, दोन मुलींच्या प्रेमाची ‘ॲनी ऑन माय माइंड’ ही कादंबरी काढून टाकण्यात आली. त्याविरुद्ध विद्यार्थी आणि त्यांचे पालक न्यायालयात गेले. होय, पालकच. 1995 मध्ये पुस्तक परत ठेवायचा आदेश झाला. उलट बाजूही सांगते. 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मेरिलंडमधल्या पालकांच्या बाजूनं निकाल दिला. अशी पुस्तकं वर्गात वाचली जाणार असतील तर आधी कळवावं आणि आमच्या मुलांना सूट द्यावी, अशी त्यांची मागणी होती. धार्मिक कारणावरून ती मान्य झाली. या निकालाबद्दल मतं काहीही असोत, मागणी आपापल्या मुलांपुरती होती.

मीही त्या वडिलांना तेच सांगितलं. तुमच्या मुलीच्या कार्डावर नोंद करते, तुम्ही म्हणेपर्यंत हे पुस्तक तिला देणार नाही. फक्त एकदा तुम्ही स्वतः वाचा, मग तिच्याशी बोला. दुसऱ्यांच्या मुलांसाठी मात्र ते कपाटातच राहील. ते थोडा वेळ उभे राहिले. मग खूण होती तिथंच ठेवून पुस्तक पिशवीत घालून घेऊन गेले. पंधरा दिवसांची मुदत आहे.