खालच्या आवाजासाठी वरची फरशी कशाला फोडताय?

खालच्या फ्लॅटचा आवाज येतो म्हणून आपल्या फरशीवर फोम आणि त्यावर लाकडी फ्लोअरिंग टाकून घ्यायचं, असं आमच्या विश्रामबागेत बरेच जण करायला निघालेत. इंटिरियरवाले मान डोलावतात, त्यांचं काय जातंय! माझं मत विचाराल तर हे पैसे पाण्यात जाणार. (आणि सांगलीकरांचं आधीच पुष्कळ पाण्यात गेलंय.)

गालिचा, फोम, मॅट हे सगळं असतं ते तुमच्या पायांचा आवाज खाली जाऊ नये म्हणून. खुर्ची ओढली, पोरांनी उड्या मारल्या, की तो दणका मऊ थर गिळून टाकतो. खालून वर येणारं बोलणं, टीव्ही, भांडण हवेतून येतं आणि ते अडवायला वजन लागतं. पाच इंची आरसीसी स्लॅब चौरस मीटरला साधारण ३०० किलो भरतो, वरची फरशी वेगळीच. एवढा बोजा आधीच आडवा पडलाय, त्यावर दोन-तीन किलोच्या फोमनं काय होणार? वजन दुप्पट केलं तरी आवाज जेमतेम ५-६ डेसिबलनं उतरतो. आता स्लॅब दुप्पट कोण करणार?

मग खालची सिरीयल शब्द न शब्द कशी ऐकू येते? बऱ्याचदा ती स्लॅबमधून येतच नाही. त्यांच्या खिडकीतून बाहेर पडते आणि आपल्या खिडकीतून आत शिरते. नाहीतर बाथरूमच्या डक्टमधून. नाहीतर सिंकच्या पाईपसाठी प्लंबरनं फोडलेल्या भोकातून. आमच्या ओट्याखाली वाकून बघितलं तर पाईपच्या कडेनं बोट आत जाईल एवढी फट! कुकरच्या शिट्टीचं सोडा, खालच्या वहिनींची कांदा-लसूण मसाल्याची फोडणीसुद्धा तिथून वर यायची. जिथून वास येतो तिथून आवाज येणारच. फट सिमेंटनं बुजवली, कडेनं सिलिकॉन मारला, आणि स्वयंपाकघरात येणारं बोलणं त्याच दिवशी बरंच कमी झालं.

घरघंटीची तऱ्हा वेगळी. तिची थरथर यंत्राच्या पायातून फरशीत, तिथून भिंतीत नि कॉलममध्ये चढते आणि वरची आख्खी खोली घुमायला लागते. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा तारेला जसा आवाज देतो, तसा आपल्या भिंती त्या घंटीला देतात. तुम्ही फरशीवर कितीही थर चढवा, भिंती मोकळ्याच राहतात ना! इलाज खालीच करायला लागतो. घंटीखाली जाड रबरी पॅड आणि भिंतीपासून वीतभर अंतर. जमिनीवर ठेवलेल्या सबवूफरलाही (म्हणजे धमधम आवाजाच्या स्पीकरलाही) हाच उतारा, फक्त त्याचा आवाजही थोडा कमी करून घ्यावा लागतो.

वहिनी घरी दळणं घेतात. मी खाली जाऊन सांगितलं तर म्हणाल्या, "अहो दादा, मग आधी बोलायचं न्हाई का? वर एवढं ऐकू जातंय हे आम्हाला कसं कळणार?" पॅड बसले. पहाटेचं दळणही आता सातनंतर सुरू होतं.

कायदा आहेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते ६. पण जिन्यात रोज एकमेकांची तोंडं बघायची असताना पहिला फोन पोलिसांना करू नये. रोज रात्री पार्टी करणारे महाभाग असतील तर गोष्ट वेगळी.

एवढं करूनही कुणाला फरशीच करायची असेल तर ती नीट करा. खाली रबराचा किंवा रॉकवूलचा (दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंचा) थर, त्यावर जड कोबा, आणि हा कोबा चारी बाजूंनी भिंतीला कुठंही टेकू द्यायचा नाही. फरशी दोन-तीन इंच वर येते, मग सगळे दरवाजे खालून तासा, बाथरूमच्या उंबऱ्याचं बघा. वाढीव वजन स्लॅबला झेपेल का हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय तर हातच घालू नका. आणि भिंतीतून येणारं येतच राहणार.

त्यापेक्षा खालच्यांच्या छताला रॉकवूल भरून जिप्सम बोर्डाचं टांगतं सीलिंग केलं तर जास्त उपयोग होतो. दुसऱ्याच्या घरात आपण खर्च कसा करायचा, असं वाटतं खरं. पण फरशीत घालायला निघालेल्या पैशांतून "सीलिंगचा निम्मा खर्च मी देतो, निम्मा तुम्ही घाला" असं त्यांना विचारून बघायला काय हरकत आहे? आमच्याकडं घंटीच्या पॅडवरच भागलं.