वॉटपेक्षा मांडणीकडे लक्ष द्यावे

कमी खर्चात संगणकासाठी स्पीकर निवडताना वॉटचा, म्हणजे शक्तीचा, आकडा पाहावा, असे एका लेखात सुचवले आहे. त्यात थोडी भर घालावीशी वाटते. खोक्यावर ठळक छापलेला आकडा पुष्कळदा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभरासाठी सांगितलेल्या कमाल शक्तीचा असतो आणि तो मोजण्याची सर्वमान्य पद्धत नसल्यामुळे तुलना आरएमएस, म्हणजे सतत देता येणाऱ्या शक्तीच्या, आकड्यांचीच करावी. शिवाय शक्ती दुप्पट झाली तरी आवाजाची पातळी ३ डेसिबलनेच वाढते, त्यामुळे टेबलाशी बसून ऐकणाऱ्याला थोडे वॉटही पुरतात.

स्पीकरच्या मांडणीला मात्र काहीच खर्च येत नाही आणि मला सर्वांत मोठा फरक तिच्यामुळेच जाणवला. दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर (स्पीकरमधला उंच स्वर देणारा छोटा भाग) कानांच्या उंचीवर यावेत आणि स्पीकर भिंतीला वा कोपऱ्याला चिकटलेले नसावेत, कारण तेथे खर्जाचे स्वर फुगून संवाद अस्पष्ट होतात. माझे स्पीकर कित्येक महिने मॉनिटरमागे अर्धवट झाकलेले होते. ते पुढे आणून, खाली जाड पुस्तके ठेवून कानांच्या दिशेने वळवल्यावर गायकाचा आवाज पडद्याच्या मध्यातून येत असल्यासारखा वाटू लागला. गाण्यामागे सतत खरखर येत असेल, तर संगणकातील आवाजाची पातळी जास्त आणि स्पीकरवरची कमी ठेवून पाहावी.