भरीत पार्टी आणि पित्ताशय

पचनाचा सगळा कारभार मेंदूच्या हुकमाने चालतो, असं तुमच्या पचनावरच्या लेखमालेतल्या ताज्या लेखात म्हटलंय. अर्धंच खरं. आतड्याच्या भिंतीत, स्नायूंच्या थरांमध्ये मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं. मेंदूकडून येणारी व्हेगस नर्व्ह तोडली तरी आतडं अन्न पुढे ढकलत राहतं. आणि रक्तातून निरोप नेणाऱ्या रसायनांना, म्हणजे हार्मोन्सना, तर लेखात जेमतेम एक ओळ!

आमच्या जळगावकडे थंडीत शेतात भरीत पार्ट्या रंगतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, तेल सढळ हाताने, सोबत कळण्याची भाकरी. हे तेल लहान आतड्यात उतरलं की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन रक्तात सोडतात. त्याने पित्ताशय आवळतं, स्वादुपिंड पाचकरस सोडतं आणि जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो. म्हणून रात्रीपर्यंत पोट जड. (वरून सोडा प्यायल्याने ढेकर येते, बाकी काही नाही.)

बेलिस आणि स्टार्लिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञांचा १९०२ चा प्रयोगही लेखात राहिला. कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे मज्जातंतू तोडून त्यात आम्ल सोडलं, तरी स्वादुपिंडातून रस आलाच. निरोप रक्तातून गेला होता. त्या रसायनाचं नाव सेक्रेटिन. पुढच्या भागात यावर लिहाच.