‘मंडळीनो, सावध व्हा!’ या संदेशाला इंदूरहून उत्तर

गेल्या महिनाभरात हा संदेश मला चार वेळा आला. दोनदा नगरच्या मावसबहिणीकडून, एकदा पुण्याच्या भाच्याकडून आणि शेवटी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर, कुणीतरी हिंदीत करून. लाल अक्षरांत मथळा: ‘मंडळीनो, सावध व्हा!’ खाली मुद्दे. बायबलातलं सदोम गाव समलिंगी संबंधांच्या पापानंच जळालं. पवित्र शास्त्र याबद्दल स्पष्ट आहे. हे पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्या मिशनऱ्यांनी ते खपवून घेतलं नसतं. ज्या चर्चांनी अशांना जवळ केलं ती ओस पडली. उपवास-प्रार्थनेनं हे लोक बरे होतात. आणि तोवर त्यांना ‘येऊ द्या, पण पुढे येऊ देऊ नका’, मुलांजवळ तर नाहीच. शेवटी नेहमीचं: दहा विश्वासणाऱ्यांना पाठवा.

मी एकालाही पाठवला नाही. तीस वर्षं शब्बाथशाळा, म्हणजे मंडळीतल्या मुलांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, घेतली आहे, वचन शोधून काढायची सवय आहे, म्हणून उत्तर लिहायला बसले.

सगळ्यात आधी मला खटकला तो ‘येऊ द्या’ हा शब्द. कोण येणार आहे, आणि कुठून? आमच्या मंडळीत कीबोर्ड वाजवणारा मुलगा कुठून आला नव्हता. त्याच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकांनी त्याला हातांवर घेऊन आमच्याकडे वळवलं, तेव्हा मी तिसऱ्या बाकावर होते. ‘प्रभू माझा मेंढपाळ’ हे स्तोत्र त्याला मी पाठ करून घेतलं. बाविसाव्या वर्षी त्यानं घरी सांगितलं की मला मुलीशी लग्न करता येणार नाही, आणि का ते. पंधरवड्यात गोष्ट मंडळीत पोचली. (इंदुरात सराफ्यातली बातमी छावणीत पोचायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी.) मग कमिटीतले एक वडीलधारे त्याला म्हणाले, ‘बेटा, थोडे दिवस मागे बस.’ थोडे दिवसांची आता चार वर्षं झाली. तो बेंगळुरूला नोकरी करतो, नाताळला येतो, शेवटच्या बाकावर बसतो. आम्ही मोबाइलवरच्या ट्रॅकवर गातो आणि दुसऱ्या कडव्याला हमखास मागे पडतो.

तर आता मुद्दे.

सदोम. उत्पत्तीचा एकोणिसावा अध्याय वाचा, पण पूर्ण वाचा. गावातले पुरुष तिथे राहणाऱ्या लोट नावाच्या माणसाच्या घराला वेढा घालतात, पाहुण्यांना बाहेर काढ म्हणतात, दार फोडायला धावतात. हा सामूहिक बलात्काराचा प्रयत्न आहे, दारी आलेल्या परक्यांवर. शास्ते या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात गिबा गावात जवळपास हेच घडतं, फक्त तिथे पाहुण्याऐवजी त्याच्या उपपत्नीला बाहेर ढकलतात आणि रात्रभराच्या अत्याचारानं ती मरते. गिबाची गोष्ट वाचून ‘स्त्री-पुरुष संबंध हेच पाप’ असा निष्कर्ष मी आजवर एकाही उपदेशात ऐकलेला नाही. सदोमचं पाप कोणतं, हे शास्त्र स्वतःच सांगतं. यहेज्केल १६:४९ मध्ये ते मोजून दिलं आहे: गर्व, भरल्या पोटाची सुस्ती, आणि दीनदुबळ्यांना हात न देणं. पुढच्या वचनात ‘अमंगळ कृत्यं’ असाही शब्द आहे, तो मी लपवत नाही. पण यादीची सुरुवात कुठून होते ते बघा. आणि प्रभू येशू मत्तयाच्या दहाव्या अध्यायात सदोमचं नाव कधी घेतात? शिष्यांना जे गाव दारात उभं करणार नाही, त्या गावाबद्दल बोलताना. सदोमची धास्ती घ्यायचीच असेल तर ती दार लावून घेणाऱ्यांनी घ्यावी.

‘पवित्र शास्त्र स्पष्ट आहे.’ लेवीय १८:२२ आणि २०:१३ ही वचनं आहेत, ती मी पुसून टाकू शकत नाही. त्याच पुस्तकात डुकराचं मांस, दोन प्रकारच्या सुताचं कापड यांनाही मनाई आहे असं म्हटलं, की तयार उत्तर येतं: ते विधिनियम, हा नैतिक नियम. बरं. मग लेवीय २५:३६-३७ घ्या. अडलेल्या भावाकडून व्याज घेऊ नको. हा काही कापडाचा नियम नव्हे, गरिबाच्या पोटाचा आहे. आमच्या मंडळीच्या एफडीचं व्याज दर वर्षी ताळेबंदात येतं आणि आम्ही हात वर करून ते मंजूर करतो. खजिनदार म्हणतील, बँक म्हणजे काही अडलेला भाऊ नाही. अगदी बरोबर! म्हणजे वचन कोणत्या काळात, कोणत्या व्यवहाराबद्दल आलं हे बघून वाचायचं असतं, हे आमच्या खजिनदारांनाही मान्य आहे. माझं मागणं तेवढंच आहे.

नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाकडे येऊ, कारण खरा पेच तिथे आहे. १ करिंथ ६:९ मधल्या यादीत दोन ग्रीक शब्द आहेत. पहिला ‘मालाकोस’, म्हणजे शब्दशः मऊ. मत्तय ११:८ मध्ये राजवाड्यातल्या तलम वस्त्रांसाठी हाच शब्द आहे. दुसरा ‘आर्सेनोकोइतेस’, जो पौलाच्या आधी कुठल्याही लेखनात सापडत नाही. ‘पुरुष’ आणि ‘शय्या’ हे दोन शब्द जोडून केलेला. तो लेवीयाच्या ग्रीक भाषांतरावरून घडवला असावा असं पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटतं. पण नेमका कोणता व्यवहार, याबद्दल त्यांच्यात एकमत नाही. इंग्रजी बायबलात ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द पहिल्यांदा छापला गेला तो १९४६ साली, रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्शनमध्ये, दोन्ही शब्दांसाठी मिळून एक. १९७१ च्या आवृत्तीत त्याच भाषांतरकर्त्यांच्या समितीनं तो काढून टाकला. जो शब्द पंचवीस वर्षांत घातला आणि काढला, त्याच्या जोरावर कुणाला बाकावरून उठवायचं? त्याच यादीत लोभी, मद्यपी आणि निंदकही आहेत. नाताळच्या फराळाच्या वेळी निंदकांना मागे बसवायचं ठरलं, तर पुढचे बाक रिकामे राहतील आणि पहिली मीच उठेन.

रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय मात्र अवघड आहे. पौलाला पुरुषा-पुरुषांतला संबंध मान्य होता असं मी कुणाला सांगणार नाही. त्याच्या समोरचं जग मालकानं गुलामाला, प्रौढानं पोराला वापरण्याचं होतं. दोन बरोबरीची माणसं जन्मभर एकमेकांना सांभाळतात, एकाच्या आजारपणात दुसरा रजा काढतो, हे चित्र त्याच्या वाक्यात नाही. आणि तो परिच्छेद ज्यासाठी रचला आहे ते पुढच्याच वाक्यात येतं, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वचनात: दुसऱ्याला दोष लावणाऱ्या माणसा, तुलाही सबब नाही. संदेश लिहिणारे पहिला अध्याय संपला की पुस्तक मिटतात. याच पौलानं स्त्रियांनी मंडळीत गप्प बसावं असंही लिहिलं आहे. तरी २०१३ साली चर्च ऑफ साउथ इंडियानं पुष्पा ललिता यांना बिशप केलं, आणि मीही गप्प न बसता शब्बाथशाळा चालवली. कुणी संदेश फिरवला नाही.

आता ते ‘पाश्चात्त्य खूळ’. इथे इंदूरच्या माणसाला हसू आवरत नाही. आमच्याकडे सुवार्ता आली ती कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनकडून, १८७७ साली. त्यांनीच दहा वर्षांत इथे ख्रिश्चन कॉलेज काढलं. १९२५ साली तिथल्या प्रेस्बिटेरियनांपैकी बहुतेक जण मेथडिस्टांबरोबर युनायटेड चर्च ऑफ कॅनडात सामील झाले आणि इंदूरचं मिशनही त्या चर्चकडे गेलं. त्याच चर्चच्या महासभेनं ऑगस्ट १९८८ मध्ये, भरपूर भांडून, ठरवलं की समलिंगी माणूस पूर्ण सभासद होऊ शकतो आणि पाळक म्हणून त्याच्या दीक्षेचाही विचार होऊ शकतो. २०१२ साली त्यांनी एका उघड समलिंगी पाळकाला आपला सर्वोच्च पदाधिकारी निवडलं. तेव्हा ‘आपल्या मिशनऱ्यांनी काय केलं असतं’ याचं उत्तर कल्पनेनं द्यायला नको, त्यांच्या वारसांनी ते लेखी दिलं आहे. त्यांचा ठराव आपल्यावर बंधनकारक नाही. १९७० पासून आपण चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) आहोत, आपलं आपण ठरवू. पण मग मिशनऱ्यांची साक्षही काढू नका.

खरं पाश्चात्त्य जे आलं ते होतं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७. मेकॉलेच्या आयोगानं मसुदा केलेल्या, १८६० च्या दंडसंहितेतलं. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते निष्प्रभ केलं. त्याआधी तेच ठरवणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल उलटवण्यासाठी जे अपिलात गेले त्यांत उत्कल ख्रिश्चन कौन्सिलही होती, हे कटू असलं तरी नोंदवायला हवं. पण २०१३ मध्ये तो निकाल उलटला तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी सांगितलं होतं की समलिंगी विवाहाला चर्चचा विरोध आहे, मात्र या माणसांना चर्चनं कधी गुन्हेगार मानलेलं नाही. आणि ज्या नागपुरात आपली सी.एन.आय. जन्मली, तिथेच कार्यालय असलेल्या नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियानं मानवी लैंगिकतेवर मंडळ्यांशी आणि पाळक घडवणाऱ्या सेमिनऱ्यांशी बोलायचा उपक्रम चालवला आहे. हे कुणी कॅनडाहून येऊन केलं नाही.

‘चर्च ओस पडली.’ युनायटेड चर्चची सभासदसंख्या घटली, खरं आहे. १९८८ नंतर काही मंडळ्या सोडूनही गेल्या. पण घट सुरू झाली ती १९६० च्या दशकात, ठरावाच्या वीसेक वर्षं आधी. कॅनडातल्याच क्वेबेक प्रांतातल्या कॅथलिक चर्चनं तर असा ठराव कधीच केला नाही, आणि तीही त्याच काळात रिकामी झाली. बाकी, डोकी मोजून खरंखोटं ठरवायचं तर योहानाच्या सहाव्या अध्यायात पुष्कळ शिष्य निघून जातात, तेव्हा येशूचं काय चुकलं होतं?

‘प्रार्थनेनं बरे होतात.’ प्रार्थनेवर माझा विश्वास आहे, म्हणूनच तिचा असा वापर बघवत नाही. अमेरिकेत एक्झोडस इंटरनॅशनल नावाची ख्रिस्ती संस्था १९७६ पासून हेच काम करत होती. २०१२ मध्ये तिचे अध्यक्ष अॅलन चेंबर्स यांनी कबूल केलं की त्यांना भेटलेल्यांपैकी ९९.९ टक्के लोकांचं आकर्षण बदललं नाही. जून २०१३ मध्ये त्यांनी जाहीर माफी मागितली आणि संस्था बंद केली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये अशा ‘उपचारा’ला डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं. जे डॉक्टरनं केलं तर कारवाई होते, ते आपण सभागृहात माइक लावून करतो. आमच्या त्या कीबोर्डवाल्या मुलाच्या आईनं एकवेळ जेवून उपवास केला. बदलली ती फक्त तिची साखर. विसाव्या दिवशी इस्पितळात ठेवावं लागलं. तो मिळेल त्या गाडीनं आला आणि चार रात्री तिच्या उशाशी बसला. घरी परतल्यावर तिनं उपवासाची वही बंद केली.

मुलांबद्दलच्या धोक्यावर फार लिहिणार नाही. मुलांवरचा अत्याचार हा गुन्हा आहे, तो कुणाला कुणाचं आकर्षण वाटतं यावरून ओळखता येत नाही, आणि २०१२ चा पॉक्सो कायदा सगळ्यांना सारखा आहे. वर्गात एका वेळी दोन मोठी माणसं हवीत हा नियम मी सतरा वेळा मागितला. तेव्हा आज सावध झालेले सगळे म्हणाले, ‘बाई, आपलीच तर माणसं आहेत.’

राहिलं ‘येऊ द्या, पण पुढे नाही.’ याला आधार म्हणून ‘पापाचा द्वेष करा, पाप्यावर प्रेम करा’ हे वाक्य टाकलं आहे, खाली ‘बायबल’ असं लिहून. बायबलात हे वाक्य नाही. बायबलात काय आहे ते सांगते. अनुवाद या पुस्तकातलं २३:१ हे वचन म्हणतं की खच्ची झालेल्या पुरुषानं परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये. यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात तोच परमेश्वर षंढांना म्हणतो की मुलामुलींपेक्षाही थोर नाव मी तुम्हाला माझ्या घरात देईन. आणि प्रेषितांची कृत्ये, आठवा अध्याय: कूशी षंढ रथात बसून त्याच यशयाचं पुस्तक वाचतो आहे, सुवार्तिक फिलिप्प शेजारी बसतो, वाटेत पाणी दिसतं, आणि तो विचारतो, माझा बाप्तिस्मा व्हायला काय अडचण आहे? अडचण होती. लेखी होती, मोशेच्या नियमशास्त्रात. फिलिप्पानं ती काढून दाखवली नाही. थोडे दिवस रथातच बस, असंही म्हणाला नाही. दोघं पाण्यात उतरले.

मी लग्न लावा म्हणत नाहीये. सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाचा हक्क नाकारला आहे, आपल्या चर्चमध्येही तसा विधी नाही, आणि तो वाद मोठा आहे. माझा प्रश्न बाकाचा, प्रभुभोजनाच्या रांगेचा, वाचनाच्या पाळीचा आणि त्या झाकून ठेवलेल्या कीबोर्डचा आहे. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीच्या पुढच्या बैठकीसाठी मी एका ओळीचा अर्ज दिला आहे: नाताळच्या आराधनेत कीबोर्ड कोण वाजवणार, हे गायनमंडळानं ठरवावं. सेक्रेटरींनी पोच दिली. अडॉप्टर कुठे आहे असं त्यांनी विचारलं; तो माझ्याकडेच आहे, कपाटात, चार वर्षांपासून.