८.१ पीएचच्या पाण्यातही कालवाची अळी का मरते?

नमस्कार. समुद्र आम्लतेकडे झुकतोय आणि तापतोय, त्याचा कालवांना (ऑयस्टर, खाण्याचे शिंपले) धोका आहे, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. समुद्राचा पीएच ८.१ च्या आसपास, म्हणजे ७ च्या वर, पाणी अल्कधर्मीच, मग कालवांची कवचं विरघळतील कशी? आणि पाणी कोमट झालं की कालवं उलट लवकर वाढतात, मग एवढी काळजी कशाला?

पहिल्यात चूक माझी. ‘कवचं विरघळू लागली’ असं मी सरसकट लिहिलं होतं. ते वाक्य बदलतो.

पण अळीला मरायला कवच विरघळावं लागत नाही. फलनानंतर साधारण दोन दिवसांत ती पहिलं कवच रचते. तेव्हा तिला नीट खाताही येत नसतं, सगळी भिस्त अंड्यातल्या शिदोरीवर. कवच ज्यापासून बनतं ते कार्बोनेट पाण्यात कमी असलं की तेवढंच कवच रचायला जास्त शक्ती लागते आणि शिदोरी मध्येच संपते.

अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या नेटार्ट्स उपसागराकाठच्या व्हिस्की क्रीक हॅचरीत (कालवांच्या अळ्या वाढवणाऱ्या केंद्रात) २००७-०८ च्या सुमारास अळ्या मोठ्या संख्येने मेल्या. आधी संशय जिवाणूंवर गेला. त्यांचा बंदोबस्त केला तरी मरणं थांबेना. खरं कारण वाऱ्यात होतं: उत्तरेचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि खालचं थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं आणि म्हणून कार्बोनेट कमी असलेलं पाणी वर येतं. हे चक्र जुनंच आहे, पण हवेतून समुद्रात मुरलेल्या जादा कार्बनने त्याची धार वाढवली. तुमचा ८.१ हा सरासरी आकडा आहे. अळीच्या वाट्याला येतं ते त्या दिवसाचं पाणी. म्हणून तिथे पाण्यात सोडा ॲश (कार्बोनेट वाढवणारी अल्कधर्मी पूड) मिसळू लागले, आणि सागरी गवताने दिवसभरात कार्बन शोषल्यावर, दुपारनंतर पाणी घेऊ लागले.

वाढीबद्दल तुम्ही म्हणता ते एका मर्यादेपर्यंत खरं आहे, खाद्य मुबलक असेल तर. मात्र त्याच उबेत कालवं पिलावळीच्या तयारीला लागतात, साठवलेलं ग्लायकोजेन (शरीरातला ऊर्जेचा साठा) त्यात खर्ची पडतं, आणि अंडी-शुक्राणू सोडून झाले की मांस पाणचट, रोडावलेलं निघतं. बरेच उत्पादक प्रजनन जवळपास न करणारी ‘ट्रिप्लॉइड’ (गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली) कालवं वाढवतात, त्यामागे हेही एक कारण आहे. शिवाय कोमट पाण्यात माणसाला आजारी पाडू शकणारे व्हिब्रिओ जिवाणू फोफावतात, आणि कालवं अनेकदा कच्चीच खाल्ली जातात. इथे मी एक शब्दही मागे घेणार नाही.

तुमच्याकडे कवचाच्या लांबीबरोबर मांसाच्या वजनाच्याही नोंदी असतील तर जरूर पाठवा. कुठल्या महिन्यातल्या आहेत तेही लिहा.